डीएनए लस कातडीतूनच का देतात? आणि ती आपल्या जनुकांत मिसळते का?

जळगाव जिल्ह्यातल्या एका आरोग्यसेविका ताईंनी तीन प्रश्न विचारले आहेत. २०२१च्या अखेरीस झायकोव्ह-डी या बिनसुईच्या कोविड लसीसाठी महाराष्ट्रातून नाशिक आणि जळगाव हे जिल्हे निवडले गेले, तेव्हापासून हे प्रश्न त्यांच्या मनात आहेत. एक, बाकीच्या कोविड लसी दंडाच्या स्नायूत दिल्या, मग हीच कातडीत का? दोन, गावात बायका विचारतात की डीएनए टोचलं तर ते आपल्या डीएनएत मिसळणार नाही कशावरून, त्यांना काय सांगायचं? आणि तीन, सगळं यंत्रच करत असेल तर वर्षानुवर्षं बाळांना बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, सुईने कातडीत देऊन बसलेल्या आमच्या हाताचा उपयोग काय?

ताई, मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्या दोन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात. हाताचा उपयोग फार मोठा आहे. इतर कुठल्याही लसीपेक्षा या लसीत तो जास्त आहे. मी पंचवीस वर्षं लसींच्या कामात आहे, आधी प्रयोगशाळेत आणि नंतर माणसांवरच्या चाचण्यांत. डीएनए लसीचं निम्मं काम बाटलीबाहेर होतं, ही गोष्ट मी पुस्तकातून शिकले नाही. उंदरांच्या पाठीवर शिकले.

प्रयोगशाळेत आम्ही काजव्याचं जनुक वापरायचो. काजवा ज्या प्रथिनामुळे चमकतो, त्या प्रथिनाची कृती लिहिलेला डीएनएचा एक छोटा गोल तुकडा तयार करायचा. अशा गोल तुकड्याला प्लाझ्मिड म्हणतात. तो शुद्ध पाण्यासारख्या द्रवात विरघळवून उंदराच्या पाठीच्या कातडीत टोचायचा. दुसऱ्या दिवशी उंदराला ते प्रथिन ज्याच्यामुळे चमकू लागतं ते रसायन टोचून, गुंगी देऊन, मिट्ट काळोख्या पेटीत कॅमेऱ्याखाली ठेवायचं. डीएनए पेशींच्या आत पोचून वाचलं गेलं असेल तर बरोबर टोचल्या जागी ठिपका उजळतो. डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो.

सुरुवातीच्या काळात एकदा मी आठ उंदरांना एकाच बाटलीतलं, एकाच मापाचं द्रावण टोचलं. पाच उजळले, तीन काळेच राहिले. मी दोन दिवस द्रावण तपासत बसले. दोष द्रावणात नव्हता. त्या तिघांना टोचताना पाठीवर फोड उठलाच नव्हता. सुई कातडीच्या खालच्या सैल थरात गेली होती आणि द्रव तिथे पसरून गेला होता. एक मिलिमीटरसुद्धा फरक नसेल. तेवढ्याने लस 'लागली' आणि 'लागली नाही' असे दोन गट पडले. बीसीजी देताना संत्र्याच्या सालीसारखा फोड आला नाही की तुमचा चेहरा कसा होतो, तसाच माझा त्या दिवशी झाला होता.

आता हे असं का होतं ते सांगते.

नेहमीच्या लसीत विषाणू, मेलेला किंवा दुबळा केलेला, किंवा त्याचा एखादा तुकडा असतो. तो शरीरात कुठेही सांडला तरी पहारेकरी पेशींना दिसतो. डीएनए लसीत विषाणूचा तुकडा नसतोच, तो तुकडा बनवण्याची कृती असते. ती कृती आपल्याच पेशीने वाचायची, तुकडा बनवायचा आणि पहाऱ्यावरच्या पेशींना दाखवायचा. म्हणजे डीएनएला आधी पेशीचं आवरण ओलांडायचंय आणि मग आतल्या केंद्रकाचंही. एमआरएनए लसीत तीच कृती डीएनएऐवजी एमआरएनए नावाच्या रेणूत लिहिलेली असते, तिला फक्त पहिला दरवाजा ओलांडावा लागतो, कारण तिचं काम केंद्रकाबाहेरच होतं. शिवाय तिला चरबीच्या सूक्ष्म गोळ्यात गुंडाळून पाठवतात, त्यामुळे पहिला दरवाजाही सोपा जातो. डीएनए लस बहुतेक वेळा उघडीवाघडी जाते. टोचलेल्या अब्जावधी प्रतींपैकी फारच थोड्या केंद्रकापर्यंत पोचतात. बाकीच्या पेशींच्या मधल्या जागेत विरघळून, तुटून जातात. म्हणून ती कुठे ठेवली आणि किती जोराने आत गेली, याला एवढी किंमत आहे.

१९९०मध्ये अमेरिकेत उंदरांच्या स्नायूत नुसतं डीएनए टोचलं आणि स्नायूने त्यावरून प्रथिन बनवलं, हे पहिल्यांदा छापून आलं तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. तीनच वर्षांत फ्लूच्या विषाणूचं एक जनुक टोचून उंदरांना फ्लूपासून वाचवता आलं. सगळ्यांना वाटलं, आता लसींचं युग पालटलं. मग माणसांवर चाचण्या झाल्या आणि हाती फारसं लागलं नाही. उंदराचा स्नायू बोराएवढा, त्यात टोचलेला द्रव दाबाने पेशींत घुसतो. माणसाच्या दंडात तेवढाच द्रव म्हणजे विहिरीत तांब्या ओतल्यासारखं. लस सुरक्षित होती, पण प्रतिपिंडं जेमतेम. त्या निराशेची दहा-पंधरा वर्षं मी जवळून पाहिली आहेत. अनेक चांगली माणसं हा विषय सोडून गेली.

जे टिकले, ते कातडीकडे वळले. कातडीच का, ते बघा.

दंडावरची कातडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते. सगळ्यात वर मेलेल्या पेशींचा पापुद्रा, तो मिलिमीटरच्या काही शतांशाएवढा, पण पाणी, जंतू, औषध, सगळ्यांना अडवणारा. त्याच्या खाली जिवंत पेशींचा पातळ थर आणि त्याखाली जाडसर, चिवट थर. या दोन्ही थरांत पहारेकरी पेशी दाटीने बसलेल्या असतात. वरच्या थरातल्या पहारेकऱ्यांना लँगरहान्स पेशी म्हणतात. १८६८मध्ये बर्लिनमध्ये शिकणाऱ्या पाउल लँगरहान्स नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने त्या पहिल्यांदा पाहिल्या. फांद्याफांद्यांचा आकार पाहून त्याला त्या मज्जातंतूंच्या वाटल्या. त्यांचं खरं काम कळायला शंभर वर्षं गेली. कातडीत काही परकं आलं की या पेशी ते उचलतात, वाहिनीतून चालत जवळच्या लसिका ग्रंथीत जातात आणि तिथल्या टी-पेशी नावाच्या लढाऊ पेशींना दाखवतात. हाताला जखम चिघळली की काखेत अवधाण येतं ना, तीच ही वाट. दंडाच्या कातडीत लस दिली तर निरोप काखेतल्या गाठीत जातो.

स्नायूत असे पहारेकरी विरळ असतात. शिवाय स्नायूच्या पेशी सहसा विभागत नाहीत, त्यांच्या केंद्रकाचं आवरण बंदच राहतं. कातडीच्या तळाच्या पेशी सतत विभागत असतात. विभागताना केंद्रकाचं आवरण काही काळ विरघळतं आणि तेवढ्यात आसपास असलेलं डीएनए आत सापडतं. म्हणजे कातडीत दरवाजाही जास्त वेळा उघडतो आणि पहारेकरीही शेजारीच उभे असतात.

तुम्ही लोक कातडीतून लस देण्याचा वारसा चालवता, हेही इथे सांगायला हवं. आपल्याकडे लस टोचण्याला 'देवी काढणं' म्हणत. १४ जून १८०२ला मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या हातावर देवी काढल्या, ती भारतातली पहिली लसवंत. तेव्हापासून १९७५मध्ये देशातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण सापडेपर्यंत सगळं कातडीवरच चाललं. शेवटी शेवटी तर दोन टोकांची सुई द्रवात बुडवून दंडावर पंधरा वेळा टोचायची, एवढंच तंत्र. आजही बीसीजी कातडीत, श्वानदंशाची लस ०.१ मिलिलिटर दोन जागी कातडीत. २०१६पासून पोलिओची इंजेक्शनची लस आपण स्नायूत पाव चमचाही न भरणाऱ्या अर्ध्या मिलिलिटरऐवजी त्याच्या पाचव्या हिश्श्यात, कातडीत देतो. कमी मात्रेत काम भागतं, कारण जागा बरोबर आहे. डीएनए लसीचा कातडीशी संबंध याच ओळीत बसतो, फक्त तिला कातडीत ठेवून भागत नाही, पेशीच्या आत ढकलावं लागतं. आणि सगळी यंत्रं त्या ढकलण्यासाठीच जन्माला आली.

पहिलं यंत्र आलं शेतीतून. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जॉन सॅनफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिकांच्या पेशींत जनुकं घालायची होती. वनस्पतीच्या पेशीला जाड भिंत असते, तिच्यातून काही जाईना. त्यांनी धातूच्या सूक्ष्म कणांवर डीएनए माखलं आणि ते बंदुकीने झाडले. पहिले प्रयोग झाले कांद्यावर, कारण कांद्याचा पापुद्रा एकेरी पेशींचा आणि मोठ्या पेशींचा असतो. कण पेशींत घुसले आणि पेशी जिवंत राहिल्या. याच 'जीन गन'ने १९९२मध्ये उंदराच्या कानाच्या कातडीत सोन्याचे कण झाडून उंदराकडून प्रतिपिंडं बनवून घेतली. सुईने लागणाऱ्या डीएनएच्या शेकडो पट कमी डीएनएत काम झालं, कारण कण पेशींच्या आतच जाऊन बसत होते. २०००मध्ये कावीळ बी विरुद्धच्या एका छोट्या चाचणीत बारा निरोगी माणसांना सोन्याच्या कणांवरून फक्त एक ते चार मायक्रोग्रॅम डीएनए कातडीत दिलं आणि बाराही जणांत संरक्षक पातळीची प्रतिपिंडं आली. झायकोव्ह-डीचा एक डोस दोन हजार मायक्रोग्रॅमचा होता. दोन्ही लसी वेगळ्या, विषाणू वेगळे, तरी हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला दर वेळी वाटतं, खरी लढाई दरवाजाचीच आहे. सोन्याची बंदूक महाग आणि किचकट होती, ती लसीकरण केंद्रांपर्यंत आली नाही. पण काय शक्य आहे ते तिने दाखवून दिलं.

दुसरा मार्ग विजेचा. कातडीत डीएनए टोचायचं आणि लगेच त्याच जागी बारीक सुयांतून क्षणिक विजेचे झटके द्यायचे. पेशींच्या आवरणाला काही क्षण भोकं पडतात. डीएनए ऋणभारित असतं, विजेच्या दाबाने ते आत सरकतं. मग भोकं आपोआप बुजतात. याला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. झिका विषाणूच्या साथीच्या काळात अशा पद्धतीने कातडीत दिलेल्या डीएनए लसीची चाळीस जणांवर चाचणी झाली. २०१७मध्ये आलेल्या निकालात तिसऱ्या डोसनंतर सगळ्यांत विषाणूला चिकटणारी प्रतिपिंडं दिसली, आणि प्रयोगशाळेत विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं सुमारे ६२ टक्के जणांत. पद्धत परिणामकारक आहे, यात वाद नाही. पण तिला वीज लागते, यंत्र महाग, आणि झटका जाणवतो. रांगेत दोनशे माणसं उभी असलेल्या उपकेंद्रात हे चालेल, असं मला वाटत नाही.

नेदरलँड्समधल्या कर्करोग संशोधकांनी २००५मध्ये गोंदवण्याचं यंत्रच वापरलं. शाईऐवजी डीएनए. आपल्याकडच्या गोंदणाऱ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जे केलं, त्याच खोलीवर सुया शेकडो वेळा टोचल्या जातात आणि पहारेकरी जागे होतात. आणि मला सगळ्यात जवळची वाटते ती कोरियन कंपनी आणि अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाची पद्धत: कातडीत डीएनए टोचायचं आणि त्या फोडावर छोटी वाटी लावून थोडा वेळ हवा ओढून घ्यायची. ताई, ही सरळ सरळ तुंबडी आहे. ओढीमुळे कातडी ताणली जाते, पेशी आसपासचा द्रव गिळू लागतात आणि त्याबरोबर डीएनएही. ना वीज, ना सोनं, ना वेदना. २०२१मध्ये ते काम प्रसिद्ध झालं आणि त्यावरून बनवलेली कोविड लस माणसांवरच्या चाचणीतही गेली. गरीब देशांसाठी अशी यंत्रं हवीत, असं माझं ठाम मत आहे.

आता तुमच्या झायकोव्ह-डीकडे येते. अहमदाबादच्या झायडस कॅडिला या औषध कंपनीने ती केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने बनवली. २० ऑगस्ट २०२१ला तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. माणसांवर वापरायला परवानगी मिळालेली जगातली ही पहिलीच डीएनए लस. त्याआधी घोड्यांच्या वेस्ट नाइल तापासाठी आणि सालमन माशांच्या एका विषाणूसाठी २००५मध्येच डीएनए लसी बाजारात आल्या होत्या, माणसांपर्यंत यायला आणखी सोळा वर्षं लागली. भारतीय लोकांनी, भारतात, अर्ध्या शतकभर अवघड मानलेली गोष्ट करून दाखवली असं कोणी म्हटलं तर अर्धं शतक जास्त झालं, तीस वर्षं म्हणा. पण अभिमान वाटावा असंच ते आहे.

त्यांनी दाबाचा मार्ग निवडला. तुम्ही ते यंत्र पाहिलं असेल तर आठवेल: ना गॅस, ना बॅटरी, आत फक्त ताणलेली स्प्रिंग. प्लॅस्टिकची सिरिंज, तिला सुईच नाही, टोकाला केसाएवढं छिद्र. सिरिंज एका माणसाला एकदाच. कातडीवर टेकवून दाबलं की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत द्रवाची बारीक धार ०.१ मिलिलिटर लस कातडीत सोडते. सुईने टोचलेला द्रव एका जागी तळ्यासारखा साचतो. धार मात्र थरांत पसरत जाते, पेशींना हादरवते, त्यांचं आवरण क्षणभर सैल करते, आणि तेवढ्यात डीएनए आत शिरतं. म्हणून ही धार म्हणजे सुईची भीती घालवण्याची नुसती सोय नाही, लसीचाच भाग आहे.

जुन्या लोकांना आठवेल, लष्करात आणि साथीच्या मोहिमांत पूर्वीही अशा 'बंदुका' होत्या. त्यांचं तोंड मात्र सगळ्यांना एकच. रक्ताचा अंश एकाकडून दुसऱ्याकडे जायचा. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका वजन कमी करण्याच्या दवाखान्यात अशा यंत्रातून कावीळ बी पसरली आणि त्यानंतर त्या बंदुका मागे पडल्या. गावात कोणी वयस्कर माणूस 'बंदुकीची लस नको' म्हणाला तर त्याच्या मनात हीच जुनी गोष्ट असू शकते. त्याला वापरून फेकायची सिरिंज समोर उघडून दाखवा.

सुरुवातीला एक डोस म्हणजे दोन मिलिग्रॅम, दोन्ही दंडांवर एकेक धार, आणि असे तीन डोस २८ दिवसांच्या अंतराने. २७,७०३ जणांवर झालेल्या मोठ्या चाचणीत लक्षणं असलेल्या कोविडपासून संरक्षण ६६.६ टक्के निघालं, म्हणजे खरा आकडा बहुधा ४७.६ ते ८०.७ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी. ही चाचणी डेल्टाच्या लाटेत झाली, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचावा. १२ वर्षांवरच्या सुमारे हजार मुलांचाही तिच्यात समावेश होता. सरकारने एक कोटी डोस मागवले, २६५ रुपये लसीचे आणि प्रत्येक डोसमागे ९३ रुपये यंत्राच्या भागाचे, कर वेगळा. फेब्रुवारी २०२२मध्ये पाटण्यात ती द्यायला सुरुवात झाली.

मग ती तुमच्या रोजच्या कामात का दिसली नाही? कारणं वैज्ञानिक कमी आणि व्यवहाराची जास्त. ती आली तोवर बहुतेक प्रौढांना दुसऱ्या लसींचे डोस मिळाले होते. मुलांसाठी ती सगळ्यात आधी मंजूर झाली, पण १५ ते १८ वयाला जानेवारी २०२२पासून कोव्हॅक्सिन आणि १२ ते १४ला मार्चपासून कॉर्बेव्हॅक्स दिली गेली. तीन डोस, प्रत्येकात दोन धारा, म्हणजे एका माणसामागे सहा. नवं यंत्र, नवं प्रशिक्षण. एप्रिल २०२२मध्ये तीन-तीन मिलिग्रॅमच्या दोन डोसांची परवानगी मिळाली, तोवर गर्दी ओसरली होती. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कारण साठवणुकीच्या बाबतीत ती आपल्या भागासाठीच बनली होती. दोन ते आठ अंशांवर ठेवायची, पण २५ अंशांवरही किमान तीन महिने टिकते. मे महिन्यात आयएलआरची, म्हणजे लसी ठेवायच्या फ्रीजची, वीज गेल्यावर तुमच्या काय पोटात गोळा येतो, ते मला माहीत आहे. डीएनए हा फार चिवट रेणू आहे, त्याचा फायदा घेता आला असता.

तरी ते कौशल्य वाया गेलं नाही. २०२३मध्ये पुण्याच्या जिनोव्हा कंपनीची ओमिक्रॉनसाठीची एमआरएनए लस, जेमकोव्हॅक-ओएम, आली. ती डीएनएची नाही, पण तीही बिनसुईच्या यंत्राने कातडीतच द्यायची. म्हणजे कातडी हा दरवाजा आता दोन्ही प्रकारच्या लसींनी वापरला आहे, आणि पुढच्या साथीत तो पुन्हा उघडेल.

दुसरा प्रश्न, बायकांचा. तो अजिबात अडाणी प्रश्न नाही. डीएनए लसी माणसांवर तपासायला पहिल्या परवानग्या देताना जगभरच्या औषध नियामकांनी नेमका हाच प्रश्न विचारला आणि त्यासाठी वर्षानुवर्षं प्राण्यांवर तपासण्या करून घेतल्या.

आपलं डीएनए लांबलचक धाग्यांच्या रूपात केंद्रकात गुंडाळलेलं असतं. लसीचं प्लाझ्मिड हे काही हजार अक्षरांचं स्वतंत्र, बंद वर्तुळ. ते शेजारी राहतं, धाग्यात शिरत नाही. धाग्यात शिरायला कात्री आणि गोंदाचं काम करणारं एक खास प्रथिन लागतं. एचआयव्हीसारख्या विषाणूंकडे ते असतं, प्लाझ्मिडकडे नसतं. माणसाच्या पेशीत स्वतःच्या प्रती काढण्याचीही सोय त्याच्यात नसते, ती फक्त जिवाणूत चालते, जिथे ते कारखान्यात वाढवलेलं असतं. अपघाताने एखादा तुकडा शिरण्याची शक्यता प्राण्यांमध्ये मोजली गेली. आपल्या पेशींच्या डीएनएत एरवीही आपोआप जे बदल होतात, त्यापेक्षाही ती खूप कमी निघाली.

पण मी बायकांना हे सगळं सांगत नाही. मी त्यांना काजव्याची गोष्ट सांगते. उंदराच्या पाठीवरचा तो ठिपका पहिल्या-दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त उजळतो. मग रोज मंद होत जातो. दोन-तीन आठवड्यांनी पेटी काळीच. जनुक कायमचं मिसळलं असतं तर ठिपका विझला नसता. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी तर साधारण महिन्याभरात झडून जातात, अंघोळीला अंग घासताना जो मळ निघतो, त्यात त्या असतात. ज्या पेशींनी लसीची कृती वाचली, त्यांतल्या बऱ्याच अशा वाहून जातात. मागे राहते ती शरीराने काढलेली ओळख, टी-पेशींच्या आणि प्रतिपिंडांच्या रूपात. आणि हो, अंडकोश किंवा बीजांडातल्या पेशींच्या जनुकांत हे मिसळत नाही, त्यामुळे पुढच्या पिढीचा प्रश्न येत नाही, हेही स्पष्ट सांगा. तो प्रश्न बायका तोंडाने विचारत नाहीत, पण मनात तोच असतो.

आता परत तुमच्या हाताकडे.

यंत्र धार सोडतं, पण कुठे सोडायची ते हात ठरवतो. मी प्रशिक्षणात जे बघते ते सांगते. सगळ्यात मोठी चूक कोनाची. बीसीजीची सवय असलेला हात नकळत यंत्र कलतं धरतो, कारण सुई आडवी सरकवायची सवय असते. यंत्र मात्र कातडीला काटकोनात, सरळ उभं हवं. कललं की धार कातडीवरून घसरते आणि अर्धी लस दंडावरून ओघळते. दुसरी चूक हलक्या हाताची. समोर मूल असलं की आपण भीतीने हळूच टेकवतो. यंत्र घट्ट दाबून टेकवायचं, कातडी टोकाभोवती तंग व्हायला हवी आणि धार सुटल्यावर लगेच उचलायचं नाही. तिसरं, मूल हललं तर धार थांबत नाही. म्हणून मुलाचा हात कोपराजवळ धरायला कोणीतरी हवंच.

मग डोळ्याने बघायचं. बरोबर गेली असेल तर छोटा, फिकट, वर उठलेला फोड दिसतो, मध्ये लाल टिंब. कातडीवर एखादा थेंब राहणं चालतं, बारीकसा ओलावा तर बहुतेकदा असतो. पण हात ओला होऊन पाणी खाली ओघळलं आणि फोड दिसतच नाही, तर ती लस गेली नाही असं समजा आणि नोंदीत तसं लिहा. लाजू नका. माझे ते तीन उंदीर आठवा, फोड उठला नव्हता हे मी तेव्हाच वहीत लिहिलं असतं तर दोन दिवस वाचले असते. तिथे फक्त उंदीर होते. तुमच्या समोर माणूस असतो आणि तो संरक्षण मिळालं असं समजून घरी जातो.

आई म्हणेल, 'सिस्टर, सुई तर टोचलीच नाही, नुसतं टिक झालं, लस खरंच दिली का?' तिला दंडावरचा फोड बोटाने दाखवा. सांगा, थोडी खाज, थोडी लाली येईल, चोळू नका, तेल लावू नका, शेकू नका. फोड काही वेळात बसेल. दुसऱ्या दंडावरही तसाच दिसला पाहिजे, तो तिच्यासमोरच बघून घ्या.